डेव्हनवरून : पिवळं धनुष्य

आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत दर वर्षी कुणी ना कुणी शिवधनुष्य पेलतंच. कधी अध्यक्ष पेलतात, कधी गणपतीच्या जेवणाची समिती पेलते. या अंकासाठी जाहिराती गोळा करणाऱ्यांनी ते पेलल्याचंही मी वाचलं आहे. शिक्षिका असताना मी स्वतः हा वाक्प्रचार फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचा वाक्यात उपयोग करून घेतला आहे आणि चुकला तर अर्धा गुण कापला आहे. पण खरंखुरं धनुष्य दोरी चढवून हातात तोललं ते या उन्हाळ्यात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तेही स्वतः तासून केलेलं, आमच्या घरामागच्या गल्लीतल्या गॅरेजात.

त्याचं झालं असं. मराठी शाळेच्या मुलांनी मागच्या दसऱ्याला सीता स्वयंवराचं नाटुकलं बसवलं होतं. आमच्या चिरंजीवांना राम मिळाला नाही. धनुष्य न उचलता येणाऱ्या राजांपैकी तिसरा राजा तो होता. पुठ्ठ्याचं, वर चंदेरी कागद लावलेलं धनुष्य जड आहे असं दाखवणं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. परत येताना गाडीत म्हणाला, "आई, खरं धनुष्य कशाचं असतं? मेटलचं?"

"नाही रे, वेळूचं. बांबूचं."

हे मला इतक्या खात्रीनं कसं माहीत, ते पुढे सांगते. "मग आपण करू या," तो म्हणाला आणि मी हो म्हणून बसले.

बांबू शोधायचा तर डेव्हनवरच. भारतातून पहिल्यांदाच हा अंक हाती घेणाऱ्या आजी-आजोबांसाठी सांगते : डेव्हन ॲव्हेन्यू हा शिकागोच्या उत्तर भागातला आपल्या लोकांचा बाजाररस्ता. १९७४ साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान इथेच निघालं. याच रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचं, एकाला जिनांचं आणि एकाला गोल्डा मेयरबाईंचं नाव दिलेलं आहे. इथे विड्याची पानं मिळतात, होमाच्या समिधा मिळतात, पोळपाट-लाटणं मिळतं. बांबू मात्र मिळाला नाही. एका दुकानदाराने अगदी आपुलकीने कबाबाच्या काड्यांचं पाकीट पुढे केलं. हाच डेव्हन पश्चिमेला गेलं की कॉल्डवेल वुड्सच्या जंगलातून जातो. पण तिथे बांबू नाही आणि पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा फॉरेस्ट प्रिझर्व्हचा नियम आहे. (मुलाने माझ्या आधी पाटी वाचली.)

बांबूच्या नादात मी एका शनिवारी शेतकरी बाजारात गेले आणि भलतंच काहीतरी घेऊन आले. हिरवट पिवळं, मोठ्या मोसंब्याएवढं, वर मेंदूसारख्या सुरकुत्या असलेलं फळ. तुमच्यापैकी अनेकांनी ऑक्टोबरात पाहिलं असेल. 'हेज ॲपल' म्हणतात. तळघरात ठेवलं की कोळी येत नाहीत, असं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. आमच्याकडचे कोळी त्याच्या शेजारीच जाळं विणत बसले, तो भाग वेगळा. फळ चिरलं तर सुरीला पांढरा चीक लागला, तो साबणाने निघेना. माझं आजोळ कोकणातलं. हा चीक माझ्या हाताने लगेच ओळखला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे झाड खरोखरच फणसाच्या कुळातलं आहे. फणस, तुती, वड, उंबर ही सगळी याची भावंडं.

आम्ही राहतो त्या टू-फ्लॅटच्या खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहतात. निवृत्त शिक्षक. हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर सुतारकाम शिकवलं. जिन्यात ते फळ बघून हसायलाच लागले. "याचे पैसे दिलेस? माझ्या भावाच्या शेतावर याचा सडा पडतो." मग म्हणाले, "फळाचं जाऊ दे. याचं लाकूड बघायचंय?"

गॅरेजच्या आढ्यावर त्यांनी उभे चिरलेले सहा-सहा फुटांचे तुकडे आडवे टाकून ठेवले होते. टोकांना मेण लावलेलं. टोकं उघडी राहिली तर लाकूड तिथूनच आधी वाळतं आणि तडकतं. झाड २०१८ साली तोडलेलं, डिकाल्ब परगण्यातल्या भावाच्या बांधावरचं. त्यांनी एका तुकड्याची साल थोडी उडवली, तर आतून हळदीचा रंग. मी तर चकितच झाले. फणसाचा गाभा पिवळा असतो, पण याच्यापुढे तो फिकाच. "धनुष्य करायचंय म्हणत होता ना तुझा मुलगा? याच्यापेक्षा चांगलं लाकूड या देशात नाही."

या झाडाचं नाव ओसेज ऑरेंज. मूळचं ते टेक्सस, ओक्लाहोमा, आर्कान्सा जिथे भेटतात त्या रेड नदीच्या आसपासच्या लहानशा मुलखातलं. ओसेज हे तिथल्या मूलनिवासी लोकांचं नाव. फ्रेंच व्यापाऱ्यांनी झाडाला नावच दिलं 'बोआ दार्क', म्हणजे धनुष्याचं लाकूड. १८०४ साली मेरिवेदर लुईस मोहिमेवर निघण्याआधी त्याने सेंट लुईसहून याच्या फांद्या अध्यक्ष जेफरसन यांना पाठवल्या होत्या. १८११ साली जॉन ब्रॅडबरी नावाचा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ मिसुरी नदीने वर गेला, तेव्हा हे झाड जिथे उगवत नाही अशा दूरच्या अरिकारा लोकांतही याची धनुष्यं होती. एका धनुष्याची किंमत : एक घोडा आणि एक घोंगडी.

मग ते इलिनॉयच्या बांधांवर कसं आलं? तर एका मास्तरांमुळे. जॅक्सनव्हिलच्या इलिनॉय कॉलेजातले प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर. इथल्या सपाट गवताळ माळावर कुंपणाला ना दगड, ना लाकूड. टर्नर यांनी १८४०च्या दशकात हे काटेरी झाड ओळीने लावून त्याचं जिवंत कुंपण करायचा प्रचार केला. आपल्याकडे शेराचं किंवा निवडुंगाचं असतं तसंच. घोड्याला उडी मारता येणार नाही इतकं उंच, बैलाला मोडता येणार नाही इतकं भक्कम, डुकराला घुसता येणार नाही इतकं दाट. हेच टर्नर शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांसाठी विद्यापीठं हवीत म्हणून वर्षानुवर्षं भांडले. आपल्यातले जे अर्बानाला शिकले, त्यांनी त्यांना एक नमस्कार करायला हरकत नाही. पुढे १८७४ साली डिकाल्बच्याच जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि या झाडांची गरज संपली. आता बांध मोठे करताना ती उपटून टाकतात. इथले शेतकरी झाडाला नुसतं 'हेज' म्हणतात. कुंपण! ज्याच्यासाठी घोडा मोजायचे, त्याला कुंपण.

मार्चअखेर गॅरेजात बोटं गारठेनाशी झाली, तेव्हा आम्ही काम सुरू केलं. शनिवारी सकाळी मुलगा आणि मी, इतर दिवशी तो शाळेत गेल्यावर मी एकटी. व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, आणि लाकूड तासायला ती लागत नाही.

आधी साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड काढायचं. दोन्ही टोकांना मुठी असलेलं एक आडवं पातं असतं, ते दोन्ही हातांनी अंगाकडे ओढायचं. मला वाटलं, वर्षानुवर्षं विळीवर नारळ खवलेले हात आहेत, जमेल. पण खरी परीक्षा पुढेच असते. धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणतात आणि आपल्याकडे असते ते पोट. दोरी ओढली की सगळा ताण पाठीवर येतो आणि दाब पोटावर. म्हणून पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाचं एकच वर्षवलय अखंड राहायला हवं. एकाच वर्षाची वाढ. ते कुठे कापलं गेलं तर तिथूनच चीर पडते. दोन टणक वलयांच्या मध्ये एक पातळ, सच्छिद्र, भुसभुशीत थर असतो. पात्याखाली तो लागला की कुरकुरीत आवाज येतो, चकली मोडल्यासारखा. तो आवाज येईपर्यंत जायचं आणि लगेच थांबायचं.

मी तीनदा थांबले नाही. तीनदा वलय कापलं गेलं आणि प्रत्येक वेळी एक वर्ष खाली उतरावं लागलं. झाड तोडल्याचं साल माहीत होतं म्हणून मुलाने उलटं मोजून काढलं, की तिसऱ्यांदा गेलं ते २०१३चं वलय. आमच्या लग्नाचं वर्ष. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "चला, पुरावा गेला." शेवटी २०१२वर पाठ टिकली.

ढलप्यांचा ढीग साठला, तो फेकवेना. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या खाकी कपड्याला याच लाकडाचा रंग वापरत, असं घरमालकांनी सांगितलं होतं. मी डेव्हनवरून तुरटी आणली, ढलप्या उकळल्या आणि त्या पाण्यात जुनं पांढरं उपरणं बुडवलं. या दसऱ्याला नाटकातल्या विश्वामित्रांच्या खांद्यावर जे पिवळंधमक उपरणं होतं, ते हेच. "कुठून आणलंत?" असं चौघींनी विचारलं.

पाठ झाली की पोटाकडून लाकूड काढत आकार द्यायचा. मग धनुष्य भिंतीवरच्या खुंटीवर आडवं टेकवून, दोरी कप्पीतून खाली ओढून लांबून बघायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. जिथे वाकत नाही तिथलं लाकूड खरवडायचं. जिथे जास्त वाकतं तिथे हातही लावायचा नाही. चार वेळा खरवडायचं, तीसेक वेळा दोरी हळूहळू ओढून लाकडाला सवय करायची, पुन्हा बघायचं. यात मे, जून आणि अर्धा जुलै गेला. खरवडताना जास्त गेलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, म्हणून मी इतकी भीत भीत काम करत होते की मुलगा कंटाळून सायकल घेऊन निघून जाई.

जुलैत एक दिवस घरमालक लांब उभे राहून म्हणाले, "टोकं जाड ठेवलीस. ती वाकणार कशी? वर नुसतं ओझं झालंय."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मराठीत.

लग्नाआधी तीन वर्षं मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला एका आश्रमशाळेत मराठी शिकवत होते. मुलं पावरा आणि भिल्ल. घरी पावरी किंवा भिली बोलणारी. मराठी त्यांना शाळेत आल्यावर शिकावी लागे, जशी आता इथे माझ्या मुलाला रविवारी शिकावी लागते. सातवीच्या वर्गात एकलव्याची गोष्ट चालली होती. मी फळ्यावर 'धनुष्य' हा शब्द लिहिला, अर्थ लिहिला आणि शेजारी चित्र काढलं. कॅलेंडरवरच्या रामाच्या हातात असतं तसं, टोकांना छान जाड वेलबुट्टी असलेलं. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, टोकं जाड काढली. वाकणार नाही ते." वर्ग हसला. मी म्हटलं, "चित्र आहे ते. बस खाली."

जुलैत तो सणाला घरी जाऊन आला तो स्वतःचा कामठा घेऊन आला. मला दाखवायला. वेळूचा, आणि दोरीसुद्धा वेळूच्याच बारीक पट्टीची. तेव्हा मला ते गरिबीचं लक्षण वाटलं, सुतळी मिळाली नाही म्हणून. कौटिल्याने अर्थशास्त्रात आयुधागारासाठी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग यांची धनुष्यं सांगितली आहेत, आणि दोऱ्यांच्या यादीत रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेळूही आहे, हे मी इथे शिकागोत बसून वाचलं. एम.ए. करताना वाचलं नव्हतं.

मी नवी होते, शिस्तीची होते. वसतिगृहात दोनशे मुलं. मी कामठा काढून घेतला आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवायला निघाले. तो मागे आला. "मॅडम, दोरी उतरवू?" मी म्हटलं, "हात लावायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत मिळेल."

सुट्टीत दिला. त्याने तो हातात घेतला, दोरी एकदा ओढली, सोडली. माझ्याकडे बघितलं नाही. काठीसारखा खांद्यावर टाकून निघून गेला. मला वाटलं, रागावलाय.

माझ्या धनुष्यावर पहिल्यांदा पूर्ण दोरी चढली त्या दिवशी घरमालकांनी मला तीन नियम सांगितले. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, सगळा झटका लाकडालाच बसतो. दुसऱ्याच्या हातात देताना किती ओढायचं ते आधी सांगायचं. आणि काम झालं की दोरी उतरवायची, लगेच. चढवून ठेवलेलं धनुष्य हळूहळू त्या बाकालाच आपला आकार मानतं. दमट हवेत तर लवकरच. मग ते दिसतं धनुष्यासारखं, पण त्यात जोर राहत नाही.

जुलै ते दिवाळी. सातपुड्यातला पाऊस, लोखंडी कपाट, चढवलेली दोरी.

मी खाली मांडून ठेवलेल्या बादलीवर बसले. घरमालकांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी पाणी आणून दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, इंग्रजीत जमेल तसं. ते शिक्षक होते म्हणून सांगता आलं. ते बराच वेळ पात्याला तेल लावत बसले. मग म्हणाले, "माझ्याही कपाटात बऱ्याच मुलांच्या वस्तू होत्या."

(याच गप्पांत त्यांना मी स्वयंवराची गोष्टही सांगितली होती. त्यावर त्यांचं मत असं की इतकी वर्षं पेटीत पडलेलं धनुष्य एकदम पूर्ण ओढलं तर मोडणारच, आधी थोडं थोडं ओढून बघायला हवं होतं. मी यावर काही बोलले नाही. विश्वामित्रांनी बघून घ्यावं.)

धनुष्य ऑगस्टात पुरं झालं. लांबी पाच फूट दोन इंच, ओढ साधारण वीस पौंड, म्हणजे मला पेलेल आणि मुलालाही दोनेक वर्षांत. दोरी पॉलिएस्टरच्या धाग्यांची, घरमालकांनी वळून दिलेली. रंग अजून हळदीचा आहे, पण उजेडात तो हळूहळू तपकिरी होत जाणार. बाण सोडायला आम्ही डिकाल्बला त्यांच्या भावाच्या शेतावर गेलो. त्याच बांधाजवळ गवताची गासडी ठेवली. माझे पहिले चार बाण मक्यात गेले. पाचवा गासडीला लागला, तेव्हा मुलगा जे ओरडला ते शुद्ध मराठीत होतं, म्हणून ते कुठे शिकला हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर दोरी उतरवून मी फोटो काढला. माझी तेव्हाची एक सहकारी अजून त्याच भागात आहे, तिला पाठवला आणि त्या मुलाबद्दल विचारलं. मुलगा कसला, आता सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. धडगावात दुचाकी दुरुस्तीचं दुकान टाकलंय म्हणाली, आणि नंबर दिला. नंबर मिळाल्यावर मी नऊ दिवस काही केलं नाही. नवरात्रही तितकंच असतं, असं म्हणून स्वतःला समजावलं. दहाव्या दिवशी रात्री फोन लावला, तिकडे सकाळ होती.

त्याने आवाज ओळखला. मी आधी फळ्यावरच्या चित्राचं सांगितलं, तो हसला. मग कपाटाचं सांगितलं. दोरीचं सांगितलं. तुझं ऐकायला हवं होतं, म्हणाले. पलीकडून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हां, तो कामठा," तो म्हणाला. "तो मग बाबाने कुंपणात घातला."

पुढे काय बोलावं मला सुचेना. त्यालाच सुचलं. लाकूड कसलं आहे विचारलं. धामणीसारखं आहे का? मी म्हटलं, फणसाच्या नात्यातलं, इथे त्याचं कुंपण करतात. त्याला ते फार आवडलेलं दिसलं, त्याने दुकानातल्या कुणाला तरी पावरीत सांगितलं आणि दोघं हसले. बाण किती लांब जातो? मी म्हटलं, तीस पावलांवर गासडीला लागतो, कधी कधी. यावर मात्र तो काही बोलला नाही. शिक्षकांचा मान राखला असेल. फोटो पाठवा म्हणाला.

फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं :

"मॅडम, चांगला झाला. टोकं अजून जाड आहेत."

उद्या खाली जाऊन ते पुन्हा खुंटीवर टेकवणार आहे.